बटणांचा सव्वा महिना

आप्पा, तुमची लाल झाकणाची बादली मी घेतली. विचारलं नाही. तुम्ही जाऊन तिसरा दिवस होता, तुमचा संजय आणि घरातले बाकी पुरुष अस्थी सावडायला गेले होते, आणि मी मागच्या खोलीत बसून त्या बादलीत मीठ ढवळत होते. दारात आत्याबाई आल्या. तुमच्या बहिणीचा आवाज तुम्हाला माहीत आहे, दबक्या आवाजात बोलल्या तरी शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जातं.

"अगं वैशाली, सुतक आहे घरात. काय मांडलंयस हे?"

"मीठ कालवतेय, आत्याबाई."

"बादलीभर? कुणासाठी?"

"आप्पांच्या बटणांसाठी."

त्यांना वाटलं, सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला. पाठीवरून हात फिरवून त्या आत गेल्या आणि आईंना म्हणाल्या, "तिला जरा झोपू दे." झोपायला मला वेळ नव्हता. तुमची बटणं कुणीतरी खात होतं, आणि तो कुणीतरी घरात मीच आणला होता. हे दोन्ही मला त्या सकाळी माहीत होतं. दुसरी गोष्ट तुम्हालाही माहीत होती की नाही, हे मात्र मला माहीत नव्हतं.

ज्यांनी आपलं घर पाहिलेलं नाही त्यांना सांगून पटत नाही. समुद्रापासून चार-पाच तासांवर, नाशिकरोडला, दुसऱ्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीत काचेच्या टाकीत चार फुटांचा समुद्र. तुम्ही नोकरीभर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरचं पाणी तपासलंत, आणि रिटायर झाल्यावर घरी बसून पुन्हा पाणीच तपासत राहिलात. पोहायला तुम्हाला शेवटपर्यंत आलं नाही. दगडी पोवळं घरात ठेवायला आपल्याकडे बंदी, म्हणून तुम्ही त्याच्या वाटेला गेला नाहीत. तुमची सगळी कोरल मऊ जातीची, आणि त्यातली तुमची लाडकी ही बटणं. शर्टाच्या बटणाएवढी, गोल, कडेला झालर. दिवा लागला की उघडायची, बोट लागलं की मिटायची. मुक्ता जन्मली त्या आठवड्यात तुम्ही मुंबईहून सात हिरवी बटणं असलेला एक दगडाचा तुकडा आणलात. मुक्ता आता दुसरीत आहे आणि बटणं मोजण्याच्या पलीकडे गेली होती.

आई त्या टाकीला सवत म्हणायच्या. "हिला रोज आंघोळ, हिचं रोज पाणी बदला, हिला ताप आलाय का ते बघा. आणि मला गजरा आणायचा तर बाजार लांब." लाइट गेली की तुम्ही आधी बॅटरीचा पंप लावायला धावायचात, मग आमच्यासाठी मेणबत्ती शोधायचात. सहा-सहा तास भारनियमन चालायचं ते दिवस. वीज बनवण्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या घरी मासे बॅटरीवर. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," आई म्हणायच्या, आणि अंधारातच तुम्ही खो खो हसायचात. ते हसणं मला आत्ता लिहितानाही ऐकू येतंय.

मी दिंडोरीची, द्राक्षवाल्यांची मुलगी. कीड-रोग म्हणजे काय हे मला शिकवायची गरज नव्हती. पानावर भुरीची पांढरी बुरशी दिसली की आमच्याकडे त्याच संध्याकाळी फवारणी. लग्नाआधी मी हाताने घड बुडवलेत, मगमध्ये औषधाचं पाणी घ्यायचं आणि एकेक घड त्यात बुडवून काढायचा, ओळीच्या ओळी, मान मोडेपर्यंत. त्यामुळे नवीन कोरल आणल्यावर ते आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचं असतं हे तुम्ही सायबर कॅफेतून छापून आणलेल्या कागदावरून वाचून दाखवलंत, तेव्हा मी म्हटलं, त्यात काय, हे तर आमचं रोजचं काम. तुम्ही म्हणालात, "बुडवून अर्धंच काम होतं. जिवंत किडा मरतो, अंडी राहतात. अंड्यांना औषध लागू पडत नाही. त्यांना फक्त वेळ मारतो."

"वेळ म्हणजे किती?"

"वेगळ्या टाकीत ठेवायचं, मोठ्या टाकीचं पाणी शिवू द्यायचं नाही. अंडी फुटतील, बाहेर येतील ते किडे पुन्हा बुडवून मारायचे. असं करत पाच-सहा आठवडे."

तेव्हा मी बाळंतीण होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण आमच्याकडे काढणीचे दिवस होते, माझ्या आईला बागेतून मान वर करायला सवड नव्हती, म्हणून मी इथेच मागच्या खोलीत होते आणि सात बटणं पॅसेजमध्ये दोन फुटी टाकीत. आई शेगडी घेऊन जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सव्वा महिना. सरळ सांगा ना. घरात दोन बाळंतिणी झाल्या." तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढे ती टाकी बाळंतीणच झाली. माझा सव्वा महिना संपला तशी ती मागच्या खोलीत गेली आणि त्या खोलीचं नाव बाळंतिणीची खोली पडलं ते पडलंच. पाहुण्यांना आपण तिथे झोपवायचो आणि ते नाव ऐकून चमकायचे.

त्या खोलीतली एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तुम्हीही सांगितली नाहीत. दुसऱ्या खेपेला तुम्ही मोठं कोरल आणलंत, हाताच्या पंजाएवढं, आणि दोन फुटी टाकी त्याला पुरेना. माझा दादा दिंडोरीहून निळा टब घेऊन आला. "घ्या आप्पा, हत्ती मावंल यात," म्हणाला. मी तो तीन वेळा धुतला. तुम्ही पाण्याचा खारेपणा पाहिलात, तापमान पाहिलंत, सगळं पाहिलंत. दोन दिवसांत कोरल आक्रसलं, तिसऱ्या दिवशी त्याचा चिकट लगदा झाला, आणि सोबत ठेवलेली तुमची लाल-पांढरी कोळंबी आडवी पडली. मग तुम्ही तांब्याची तपासणी केलीत आणि नळीतलं पाणी निळं झालं. दादाने तो टब बागेत मोरचूद कालवायला वापरला होता. मोरचूद म्हणजे तांबंच. द्राक्षाला अमृत, कोरलला विष. धुऊन जात नाही.

मला जमीन फाटावी असं झालं होतं. माझं माहेर, माझा टब, माझं धुणं. तुम्ही नळी दिव्यासमोर धरून उभे होतात. म्हणालात, "तीस वर्षं बॉयलरच्या पाण्यात तांबं शोधलं आणि घरातल्या टबात शोधलं नाही. मूर्ख मी." आणि जेवताना आईंनी विचारलं तेव्हा सांगितलंत, "टब गळका निघाला." दादाला फोनवरही तेच. दादा अजून म्हणतो, "आप्पांना टब लय आवडला होता, गळका निघाला म्हून, नायतर..." मी तेव्हा तुमचे आभार मानले नाहीत. त्यानंतर त्या खोलीत कुठलंही भांडं येण्याआधी तुम्ही त्यात पाणी भरून ठेवायचात, तपासायचात आणि मग त्यावर चिकटपट्टी लावून तारीख टाकायचात. "पाण्याला विचारायचं, माणसाला नाही," म्हणायचात. लाल झाकणाच्या बादलीवर ती पट्टी अजून आहे.

आपलं भांडण त्या सव्वा महिन्यावरून होतं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मला वाटायचं, नीट बुडवलं, ब्रशने घासलं, वरून पाहिलं, झालं. एवढे दिवस वाट बघत बसायचं म्हणजे तुमचं सरकारी काम. तुम्ही म्हणायचात, वैशाली, तुला औषधावर विश्वास आहे आणि मला कॅलेंडरवर. मी म्हणायचे, कॅलेंडरने भुरी जात नाही. तुम्ही चष्मा वर करून बघायचात आणि म्हणायचात, "सूनबाई, हे शेत नाही." सूनबाई म्हणालात की तुम्ही चिडलात हे घरात सगळ्यांना कळायचं.

मग तुम्ही दुसऱ्यांदा दवाखान्यात होतात तेव्हा संजय ऑफिसच्या कामाला मुंबईला गेला. मीच त्याला सांगितलं, येताना काहीतरी आण, आप्पांना घरी आल्यावर बघायला. त्याने नारिंगी बटणं आणली. इतका सुंदर रंग आपल्या टाकीत कधी नव्हता. तुम्हाला चार दिवसांनी सोडणार होते. मी ती आयोडीनच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवली, घड बुडवावा तशी, हलवून हलवून, आणि थेट मोठ्या टाकीत तुमच्या खुर्चीसमोर ठेवली. सव्वा महिना थांबले असते तर तुम्हाला ती मागच्या खोलीत, स्टुलावर बसून बघावी लागली असती, आणि डॉक्टर काय म्हणत होते ते मी ऐकलं होतं. तुमच्याकडे सव्वा महिना आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं.

तुम्ही आलात, वेताच्या खुर्चीत बसलात, श्वास जमू दिलात. मग नारिंगी बटणांकडे बघितलंत आणि चेहरा असा उजळला की मला वाटलं, मी जिंकले. आणि तुम्ही विचारलंत, "सव्वा महिना झाला का यांचा?"

मी म्हटलं, "हो आप्पा. तुम्ही पहिल्यांदा ॲडमिट झालात तेव्हाच आणली होती. मागच्या खोलीत होती."

तुम्ही "अच्छा" म्हणालात. बस, एवढंच.

त्यानंतर तुम्ही जेमतेम सात आठवडे होतात. दिवसभर त्या खुर्चीत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात नारिंगी बटणं दुपारीसुद्धा मिटलेली राहायला लागली. मी म्हटलं, दिवा जरा जास्त होतोय. तुम्ही म्हणालात, असेल. हिरव्यांच्या कडेची पाच-सात बटणं नाहीशी झाली. मी म्हटलं, सरड्या मासा उकरतोय. तुम्ही म्हणालात, असेल. मी रोज ठरवायचे की आज सांगते. मग तुम्हाला धाप लागायची, किंवा कुणी भेटायला यायचं, किंवा तुम्ही इतके शांत बसलेले असायचात की माझी जीभ रेटायची नाही.

तुम्ही गेलात. दोन दिवस कुणी टाकीकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मला माशांना खायला घालायची आठवण झाली. टाकीचा दिवा लागायचा होता. मी बॅटरीवर मुक्ताच्या वहीचा लाल कागद गुंडाळून आत उजेड पाडला, तुम्ही करायचात तसा, लाल उजेडात किडे लपत नाहीत म्हणून. हिरव्या बटणांत एक बटण चालत होतं. मी श्वास धरून पाहिलं. ती शंख नसलेली गोगलगाय होती, नखाएवढी, अंगावर झालर, रंग तोच हिरवा. जे खाते त्याचाच रंग घेते. एक दिसली, मग दुसरी, मग मी मोजणं सोडलं. सात बटणांपासून वाढलेली ती सगळी वसाहत आठवडाभरात संपणार होती. मला रडू आलं नाही. दोन दिवस नुसती रडत होते, पण आता डोकं एकदम थंड झालं. काय करायचं ते तुम्ही मला शिकवून ठेवलं होतं.

म्हणून ती बादली. मीठ, हीटर, बॅटरीचा पंप, छोटा दिवा, बाळंतीण टाकी, सगळं निघालं. अडलं एका स्पंजावर. नव्या पाण्यात नवा कोरा स्पंज लावला तर घाण पचवणारे जिवाणू त्यात नसतात, कोरल आपल्याच घाणीत मरतं. तो महिनाभर आधी मोठ्या टाकीच्या पाण्यात मुरवावा लागतो. माझ्याकडे महिना नव्हता. जुना स्पंज तुम्ही केव्हाच फेकला होता. तरी मी मोठ्या टाकीखालचं कपाट उघडलं, की निदान तिथलं गाळणीचं काही कापून घेता येईल. तिथल्या गाळणीच्या पेटीतल्या पाण्यात हात घातला आणि हाताला स्पंज लागला. बाळंतीण टाकीच्या मापाचा. तपकिरी, बुळबुळीत, छान मुरलेला. नळीला चिकटपट्टी होती आणि पट्टीवर तारीख, तुम्ही दवाखान्यातून घरी आलात त्या दिवसाची.

अक्षर तुमचं नव्हतं. लोणच्याच्या बरण्यांवर असतं ते होतं.

आई बाहेर, भेटायला आलेल्या बायकांत बसल्या होत्या. मी ओल्या हातांनी तशीच गेले आणि त्यांना आत बोलावलं. आत्याबाई उठू लागल्या, त्यांना म्हटलं, तुम्ही बसा. आईंनी स्पंज बघितला आणि पदराने नाक पुसलं.

"मीच टाकला तो," म्हणाल्या. "त्यांना वाकवत नव्हतं. आल्या दिवशी, तू भाजीला गेली होतीस. म्हणाले, जरा हात घाल. मी म्हटलं, त्या सवतीच्या पाण्यात मी मेले तरी हात घालणार नाही. तर म्हणाले, मी मेल्यावर तरी घालशील का? मग काय करते? घातला."

"का टाकला ते सांगितलं?"

"म्हणाले, तिने थेट टाकलंय. मागच्या खोलीतली टाकी कोरडी ठणठणीत आहे, तळाला कोळ्याचं जाळं आहे. मी म्हटलं, मग बोला ना तिला. तर म्हणाले, कदाचित काही नसेलही. नसलं तर उगाच तिला का बोलायचं? आणि असलं तर ती स्वतः मागायला येईल. तेव्हा दे. तोवर सांगू नकोस."

पाण्याला विचारायचं, माणसाला नाही. तुम्ही माझ्या डोळ्यांकडेही पाहिलं नव्हतंत, सरळ मागच्या खोलीत जाऊन टाकी पाहून आलात. चार पावलं चालायला दम लागत होता तेव्हा.

मला तुमचा राग आला, आप्पा. अजून आहे. टब गळका निघाला म्हणालात तेव्हा मी लहान होते, नवी होते. आता मी तुमच्याशी रोज भांडणारी बाई होते. एकदा "सूनबाई" म्हणून ओरडला असतात तर मी त्याच दुपारी सगळं बाहेर काढलं असतं. तुम्ही मला झाकलंत आणि मी खोटी ती खोटीच राहिले. सात आठवडे आपण दोघं एकाच टाकीसमोर बसून एकमेकांना सांभाळत होतो आणि बटणं मरत होती. याला काय शहाणपण म्हणायचं?

हे सगळं मी त्या दिवशी आईंना बोलले, तावातावाने. त्या म्हणाल्या, "झालं बोलून? आता मला सांग, काय करायचं."

आम्ही दोघींनी केलं. मोठ्या टाकीतून हिरवी आणि नारिंगी, सगळी बटणं बाहेर काढली, एकही मागे ठेवलं नाही. ही गोगलगाय फक्त बटणं खाते, तेव्हा मोठी टाकी बटणांविना रिकामी राहिली की तिथल्या उपाशी मरतात. जुन्या दगडावरून मी सुरीने एकेक झुपका सोडवला, कारण अंडी दगडाच्या पोटाखाली असतात, आणि दगड उन्हात फेकले. मग आयोडीनचं पाणी. मी बुडवायची, मोठ्या सिरिंजने पाण्याचे फटकारे मारायची, आणि गोगलगायी सुटून तळाला पडायच्या. मला वाटलं सगळं स्वच्छ झालं. आईंनी चष्मा लावला, झुपका उलटा करून खिडकीकडे धरला आणि म्हणाल्या, "ही चकली कसली?"

खरंच चकली होती. पांढरी, बारीक, वेटोळी, मोहरीच्या दाण्याएवढी. अंडी. जन्मभर तांदूळ निवडलेले डोळे ते. मला एक दिसायच्या आत त्यांना तीन दिसायच्या. तुमचाच दात घासायचा ब्रश घेतला त्यांनी, विचारलं नाही, आणि एकेक चकली खरवडून काढली. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, नवऱ्याच्या सुतकात वहिनी माशांच्या टाकीशी ब्रश घेऊन बसलेली पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. आई मान वर न करता म्हणाल्या, "वन्सं, सुतक म्हणजे तरी काय, दहा दिवस बाजूला बसणंच ना? आम्ही बसलोय. यांनापण बसवतोय."

दहाव्याला रामकुंडावर मी मनाशी ठरवून गेले होते. कावळा शिवेना म्हणजे गेलेल्या माणसाचं काही अडलेलं असतं, मग एकेकाने पुढे होऊन कबूल व्हायचं. मी म्हटलं, कावळा अडला की मी पुढे होणार आणि सगळ्यांसमोर सांगणार, आप्पा, मी खोटं बोलले. पिंड ठेवला आणि मागे वळायच्या आत कावळा आला. आत्याबाई म्हणाल्या, बघा, काही अडलं नव्हतं बिचाऱ्याचं. मी हात जोडून उभी राहिले. तिथेही तुम्ही मला बोलू दिलं नाहीत.

तेराव्यानंतर संजयने विषय काढला. तो वाईट नाही, तुमचाच मुलगा आहे. म्हणाला, "दर वेळी त्या रिकाम्या खुर्चीसमोर तो दिवा लागलेला मला बघवत नाही गं. एक जण सगळी टाकी न्यायला तयार आहे. देऊन टाकू." मी म्हटलं, मला सव्वा महिना दे. दादाला कळलं तर तो फोनवर म्हणाला, "तायडे, येवढं काय लावून धरलं? एक कडक औषध आणून देतो, दोन दिवसांत मोकळी होशील." मी म्हटलं, दादा, औषधाने अंडी मरत नाहीत. बोलता बोलता मला कळलं की हे वाक्य माझं नाही.

चार-चार दिवसांनी बुडवलं. प्रत्येक खेपेला आईंचा चष्मा, सिरिंज, ब्रश. दुसऱ्या खेपेला अकरा लहान गोगलगायी निघाल्या, तिसऱ्याला चार, मग एक, मग काही नाही. लाइट गेली की बॅटरीचा पंप लावायला आता आई धावतात, आणि मेणबत्ती मी शोधते. वीस दिवसांनी हिरवी बटणं उघडली. नारिंगीतली तीन जगली. मुक्ता रोज शाळेत जाताना बाळंतिणीच्या खोलीत डोकावते आणि ओरडते, "उघडली!" आणि काल अडतिसावा दिवस होता. सव्वा महिना पूर्ण. आज संजयने स्वतः मोठी टाकी पुसली, खुर्ची पुन्हा तिच्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाला, "चल, आण. राहू दे टाकी." मला त्या क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली. मी हात धुतले. आई म्हणाल्या, "थांब, एकदा बघू दे."

उलट्या धरलेल्या झुपक्याच्या पोटाला, कडेला, एक चकली होती. एकच. अगदी ताजी, पांढरीशुभ्र. म्हणजे घालणारी अजून कुठेतरी जिवंत होती.

संजय म्हणाला, "अगं एकच आहे. ब्रशने काढ आणि टाक. किती दिवस हे?" आई माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगते, आप्पा, हात शिवशिवला. एक चकली काढायची, दहा मिनिटं बुडवायचं, थेट तुमच्या खुर्चीसमोर ठेवायचं. कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं, झाला सव्वा महिना.

मी अंडी खरवडली, सगळी बटणं पुन्हा बुडवली आणि पुन्हा बाळंतीण टाकीत ठेवली. आईंनी चिकटपट्टी आणून दिली. जुनी पट्टी काढून नवी लावली आणि त्यावर मी तारीख टाकली, आजची. संजय खुर्चीत बसला, बटणं नसलेल्या टाकीसमोर, आणि म्हणाला, "आणखी अडतीस ना? ठीक आहे."

तुम्ही विचारलं होतंत, सव्वा महिना झाला का यांचा.

नाही, आप्पा. आज पहिला दिवस आहे.